साडूंची उडी आणि माझं आडवं पडणं

देवानं माणसाला पाय दिले ते जमिनीवर ठेवायला, ही साधी गोष्ट उभ्या वऱ्हाडात एकाच माणसाला कोणी सांगितलेली नाही, आणि तो माणूस नेमका माझा साडू निघाला. साडू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून सासऱ्याबद्दल हळू आवाजात बोलणारा एक समदुःखी गृहस्थ येतो. माझे हे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, अकोल्याच्या एका शाळेत पीटीचे सर आहेत. वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावर केस मोजके, मिशी मात्र दोघांना पुरेल एवढी. त्यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा ते उलटे होते. मी मुलगी पाहायला गेलो होतो. हातात पोह्यांची बशी, मान खाली, चेहऱ्यावर उसना गंभीरपणा. तेवढ्यात समोरच्या खिडकीत वरून एक डोकं खाली आलं. आधी केस, मग कपाळ, मग मिशी. जिना नुकताच धुतला होता म्हणून हे महाशय गच्चीवरून दोरानं उतरत होते. माझ्यासमोर येताच थांबले, लोंबकळत मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "पोहे थंडे होऊन राहिले ना बाप्पा. खाऊन घ्या." मुलगी मला पसंत पडली होती का, हे मला आजही नक्की आठवत नाही. मी हो म्हणालो ते घाबरून.

त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं ही एक शिक्षाच असते. आपण बोलत असतो आणि त्यांचं लक्ष एखाद्या उभ्या असलेल्या टेम्पोकडे. टेम्पो कोणाचा, त्यात काय भरलंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तो लांबीला किती भरेल आणि पलीकडे उतरायला जागा आहे का, एवढंच ते पाहतात. एकदा आम्ही एका नातेवाइकाच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला गेलो होतो. घरधनी कौतुकानं विचारत होते, "कसं वाटलं घर?" साडू अंगणातल्या हौदाकडे पाहत म्हणाले, "घर मस्त हाय, पण हौद अर्धा हात आखूड पाह्यजे होता." या छंदापायी त्यांच्या अंगातलं जवळजवळ प्रत्येक हाड एकदा तरी मोडलेलं आहे, आणि ज्या गावी ते मोडलं त्या गावाचं नाव त्यांनी त्या हाडाला दिलेलं आहे. उजवं मनगट म्हणजे चांदूर रेल्वे. डावा गुडघा भातकुली. दोन बरगड्या अंजनगाव सुर्जीच्या, त्यातली एक अंजनगाव आणि दुसरी सुर्जी, असा ते आग्रहानं फरक करतात. आभाळ भरून आलं की गुडघा चोळत म्हणतात, "आज भातकुली लय ठणकून राहिलं." माझी सासू पहिल्यांदा हे ऐकून घाबरली होती, भातकुलीला तिची बहीण दिलेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, माणूस हौशी आहे, उडू द्या. मीही तसंच म्हणत होतो. कॉलेजात असताना ते सायकलीवरून उडत, पाण्याच्या टाकीवरून दोर बांधून उतरत, दोन कडुनिंबांमध्ये ताणलेल्या दोरावरून चालत. नोकरी लागली, लग्न होऊन आक्का, म्हणजे बायकोची ती मोठी बहीण, घरात आल्या आणि हे सगळं बंद झालं; गच्चीवरून उतरण्यापुरता दोर तेवढा राहिला. ते पुन्हा सुरू झालं त्यांच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांमुळे. दोघांची जोडी होती; एक बोर्डावर घोडा काढायचे आणि दुसरे त्याच्यावरून उडी मारता येईल का ते पाहायचे. त्या सरांना ब्रेन ट्यूमर निघाला. उपचार अमरावतीच्या एका इस्पितळात, आणि साडू दर सुट्टीला अकोल्याहून तिथे. एक दिवस ते सर म्हणाले, "इथं सगळे येतात आन् तोंड पाडून बसतात. अरे, काहीतरी करून दाखव ना बे! थे पाह्य, खिडकीखाली मैदान हाय." साडू खाली गेले, कोणाची तरी सायकल घेतली, दोन विटांवर फळी टाकली आणि कचऱ्याच्या तीन ड्रमवरून उडून गेले. वर तिसऱ्या मजल्यावर सगळ्या खिडक्यांत डोकी जमली होती, काही बँडेज बांधलेली, काही तासून गुळगुळीत केलेली. त्या खिडक्यांतून अशी टाळी पडली म्हणतात की वॉचमननं साडूंना धरायचं सोडून स्वतःच दोन टाळ्या वाजवल्या. चित्रकलेचे सर त्या आजारातच गेले. खेळ मात्र राहिला.

त्या खेळाची एक रीत आहे, आणि ती साडूंच्याच डोक्यातून निघू शकते. खेळाच्या दोन दिवस आधी ते वॉर्डात जातात, एकेका खाटेजवळ उभे राहतात आणि विचारतात, "सांगा, या रविवारी कायच्यावरून उडू?" पेशंटनं वस्तू सांगायची. पण फुकट नाही. साडू उडाले, की डॉक्टरांनी सांगितलेली जी गोष्ट आपण टाळत आलो ती पेशंटनं करायची. कोणी गोळी थुंकून टाकतं, कोणी जेवत नाही, कोणी व्हीलचेअरवर बसायला लाजतं. सौदा साधा. "मी उडतो, तुमी गिळा." भातकुलीकडच्या एका बाईंनी सांगितलं, माझ्या दिरानं घेतलेल्या नव्या गाडीवरून उडा, त्यानं मला एकदाही तिच्यात बसवलं नाही. साडू त्या दिराकडे गेले, गोड बोलून गाडी मैदानात आणवली आणि तिच्यावरून उडाले. मागचं चाक टपाला जरासं घासलं. बाईंनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या, आणि दिरानं इस्पितळात येणं बंद केलं, तेही त्यांना मानवलं. एका रिटायर तलाठ्यांनी तहसील कचेरीवरून उडायला सांगितलं होतं. घासाघीस होऊन प्रकरण फायलींचे गठ्ठे रचलेल्या तीन टेबलांवर मिटलं. ज्यांना चालवतं ते पेशंट पहिल्या रांगेत खुर्च्यांवर, टोप्या घालून बसतात. बाकीचे वॉर्डात मोबाइलवर पाहतात. खेळात लोक जे देतात ते पेशंटच्या घरच्यांच्या जेवणखाणाला आणि गाडीभाड्याला जातं. तो कारभार आक्कांकडे आहे आणि त्यात साडूंना किंवा मला तोंड घालायची परवानगी नाही.

मला तोंड घालायची परवानगी होती ती फक्त माइकवर. मी अमरावतीत पाटबंधारे खात्यात कारकून. आयुष्यात कुठल्याही बंधाऱ्यावर चढलेलो नाही, त्यामुळे धाडसावर बोलायला माझ्याइतका योग्य माणूस मिळणार नव्हता. पहिल्याच खेळात, चांदूर रेल्वेला, मी भारावून म्हणालो, "आणि आता सर आपल्या सर्वांना सोडून वर जात आहेत!" पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. साडू गेले ते वर आणि आले ते मनगटावर. तरीही माझी हकालपट्टी झाली नाही, कारण माझा आवाज मोठा आहे आणि मी चहाशिवाय काही मागत नाही. आक्का प्रत्येक खेळाला येतात, पण खेळ पाहत नाहीत. साडू पायडल मारायला लागले की त्या त्यांच्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभ्या राहतात. मी एकदा विचारलं, "आक्का, तुमी उलट्या कावून उभ्या राहता?" म्हणाल्या, "थे कसे उडाले हे मले लोकायच्या तोंडावर दिसते. थे पाहाले कमी भेव वाटते." मी त्या वाक्यावर माइकवर एक छोटंसं भाषण करणार होतो, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यालो.

तर या सगळ्यात अंजनगावचे टेलरमास्टर आले. साठीच्या आसपासचे, सडसडीत, मेंदी लावलेली दाढी, जीभ कात्रीसारखी. त्यांनी कापलेली शेरवानी घालून निम्म्या अंजनगावानं निकाह लावलेला, आणि उरलेल्या निम्म्यानं त्यांनी शिवलेल्या कोटात सप्तपदी चाललेली. त्यांच्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ होती. झटके येत, डोकं असं दुखे की ते भिंतीला टेकून बसत. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन लवकर करू, उशीर केला तर नजर जाईल आणि पुढं काही सांगता येणार नाही. पण त्यांनी हेही खरं सांगितलं होतं की ऑपरेशननंतर उजवा हात काही काळ लुळा पडू शकतो, आणि किती काळ हे कोणालाच ठाऊक नाही. मास्टरांनी तेवढंच ऐकलं. तीन वेळा ते ऑपरेशनच्या कागदावर सही न करता खाटेवर पाठ फिरवून झोपले होते. त्यांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना भाभी म्हणू लागलो होतो, साडूंना पदरानं डोळे पुसत सांगितलं, "सर, तुम्हीच काहीतरी समजवा. इनको किसी का नहीं सुनना."

साडू त्यांच्या खाटेजवळ गेले तेव्हा मी बरोबर होतो. वॉर्डात वाटायला आणलेल्या संत्र्यांपैकी एक मी सोलून खात होतो.

"बोला मास्टर, कायच्यावरून उडू?"

"काही नको. तुमी गाडीवरून उडता, टेबलावरून उडता. टेबलाले काय भेव हाय सर?"

"मानसं बी झोपवतो ना. माये जुने विद्यार्थी हायत, चार जण रांगेनं झोपतात."

"थे तुमचे चेले. त्यायले आदत पडली." मास्टरांनी मान वळवली आणि त्यांची ती बारीक, माप घेणारी नजर माझ्यावर येऊन थांबली. "हा कोन हाय?"

"हे माये साडू. माइकवर बोलतात."

"हां, हां. मोबाइलवर सुना मैंने. 'घाबरू नका, हिंमत धरा', थेच ना? लय मस्त बोलतात. कधी झोपले का त्या रांगेत?"

संत्र्याची फोड माझ्या घशात अडकली.

"यायले झोपवा," मास्टर म्हणाले. "शेवटच्या नंबरवर. हा बोलनेवाला झोपला, तर मी बी झोपतो डॉक्टरच्या टेबलावर. जुबान देतो. ही आपली फर्माईश."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. साडूंनी पाहिलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही उठून बसून पाहिलं. मी म्हणालो, "हो, म्हणजे, बघू या ना." मराठीत याचा अर्थ नाही असा होतो, पण वऱ्हाडात ते कोणी मानत नाही. साडूंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि जाहीर केलं, "झालं! रविवारी साडू झोपून राहिले!"

त्या दोन दिवसांत मी जे काही केलं ते लिहायला मला लाज वाटते, म्हणून थोडक्यात लिहितो. मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो आणि रक्तदाबाचं प्रमाणपत्र मागितलं. त्यांनी दोनदा दाब पाहिला, मग लिहून दिलं, "पडून राहण्यास हरकत नाही." मी साडूंना सुचवलं की शेवटच्या नंबरऐवजी मधला द्या, मी मुळात मध्यमवर्गीय माणूस आहे. ते म्हणाले, "मास्टरनं शेवटचा सांगतला. माप त्यायचं." मी बायकोपुढे बसलो आणि आपला संसार, मुलांची शिक्षणं, असं बोलायला सुरुवात केली. तिनं तूर निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नुस्तं पडून तर राह्याचं हाय. थे तर तुमी रोजच करता." शेवटी मी ठरवलं की रविवारी सकाळी मला जुलाब होतील. जुलाब झाले, खरोखरच झाले, पण सकाळी दहापर्यंत थांबले. शरीरसुद्धा माझ्या बाजूनं नव्हतं.

खेळ इस्पितळामागच्या मैदानावर होता. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर मास्टर, गळ्याभोवती पांढरा मफलर, मागे भाभी. मी माइक एका उत्साही कार्यकर्त्याच्या हाती दिला आणि रांगेत पाचवा जाऊन पोत्यावर आडवा झालो. माझ्या अलीकडे साडूंचे चार जुने विद्यार्थी होते. एक पोलीस, एक दूधवाला, दोघे शेती करणारे. चौघंही असे पडले होते जणू दुपारच्या जेवणानंतर झाडाखाली. नियम असा की डोळे मिटायचे, कारण सायकल येताना पाहिली की माणूस नकळत उचलला जातो. आणि हलायचं नाही. "टाळ्या पडल्या का समजा मी गेलो," साडू म्हणाले. "मंगच उठजो."

डोळे मिटल्यावर माणसाला किती ऐकू येतं हे मला त्या दिवशी कळलं. घार ओरडली ते ऐकलं. दूधवाला चक्क घोरत होता ते ऐकलं. माझं काळीज सायकलच्या घंटीसारखं वाजत होतं. लांबून पायडलचा आवाज सुरू झाला, जवळ येऊ लागला, आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना पाटबंधारे खात्याच्या वतीनं अर्ज केला. आणि टाळ्या पडल्या. कडाडून पडल्या. मी मेलो नव्हतो! माझ्या अंगावरून सायकल गेली होती आणि मला साधा वारासुद्धा लागला नव्हता! मी आनंदानं ताडकन उठून बसलो, दोन्ही हात वर करून.

टाळ्या साडूंच्या नव्हत्या. प्रभागाचे एक नेते तासभर उशिरा नेमके त्याच क्षणी मंडपात शिरले होते, आणि माझ्या जागी उभ्या केलेल्या त्या उत्साही कार्यकर्त्यानं सवयीनं म्हटलं होतं, "जोरदार टाळ्यांच्या गजरात स्वागत करू या!" आपल्याकडे पाहुणा आला की लग्नसुद्धा थांबतं, हे मी वीस वर्षं माइकवर उभा राहून पाहिलेलं, पण ते मला त्या पोत्यावर आठवलं नाही. बाकीचे चौघं हलले नाहीत. पोलीस नंतर म्हणाला, "पाहुण्याच्या टाळ्या येगळ्या असतात ना काका. थ्या पातळ असतात." मी डोळे उघडले तेव्हा साडू हवेत होते आणि माझ्याकडेच येत होते. त्यांच्या मिशीवरचा घाम मला दिसला. त्यांनी हवेतल्या हवेत हँडल असं पिळलं की पायडलनं माझी फक्त टोपी नेली. सायकल उतरायला रचलेल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात घुसली. साडू ढिगाच्या अलीकडे, कडक जमिनीवर, आधी खांदा आणि मग डोकं, असे पडले.

आक्का नेहमीप्रमाणे लोकांकडे तोंड करून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा मागे वळल्या.

आम्ही धावलो. साडू आकाशाकडे पाहत पडले होते. मला वाटलं आता ते मला जी शिवी देतील ती मी जन्मभर जपून ठेवीन. ते म्हणाले, "मास्टरले इचार... झोपनं धरलं का नाही?" मी रडवेला होऊन पहिल्या रांगेकडे पाहिलं. मास्टरांचा चेहरा मफलरइतका पांढरा झाला होता. तरी जीभ जागेवर होती. "आधा लेटे, आधा उठे," ते म्हणाले. "मंग आधंच ऑपरेशन करू का?" आणि मग भाभींना घाईघाईनं, "चलो, चलो, सर के पास ले चलो मुझे."

साडूंना त्याच इस्पितळात, मास्टरांच्याच मजल्यावर नेलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, ते काही विशेष नव्हतं. साडूंनी लगेच त्याला अमरावती असं नाव दिलं. पण डोकं आणि मान आपटली होती, म्हणून डॉक्टर म्हणाले एमआरआय करू. इथे एक अजब गोष्ट घडली. पाण्याच्या टाकीवरून उलटा लटकणारा माणूस म्हणाला, "मी नाही जात त्याच्यात." आधी म्हणाले, डोकं दुखत नाही. मग म्हणाले, भातकुलीत लोखंड टाकलेलं आहे, मशीन ओढून घेईल. डॉक्टरांनी जुने एक्स-रे मागवून पाहिले. भातकुलीत लोखंड सोडा, साधा खिळाही नव्हता. मग साडू भिंतीकडे तोंड करून झोपले, अगदी मास्टरांसारखे. आक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. चित्रकलेच्या सरांना शेवटी त्या मशीनीत घातलं तेव्हा साडू दाराबाहेर बसले होते. आतून तो ठोक्यांचा आवाज येत होता आणि मधूनच सर त्यांना नावानं हाका मारत होते. त्या दिवसानंतर साडू त्या मशीनीच्या बोळात कधी गेलेले नाहीत. वॉर्डात जायला ते उलट्या बाजूच्या जिन्यानं फिरून जातात, आणि मी मूर्ख समजत होतो की त्यांना व्यायाम हवा असतो.

व्हीलचेअरची चाकं वाजली. मास्टर आले होते, भाभींना न सांगता, एक हात दुखऱ्या डोक्याला लावून दुसऱ्यानं चाक ढकलत, त्यामुळे जरा तिरपे.

"काहून सर? काय झालं? लेटना ही तो है."

साडूंनी पांघरूण डोक्यावर ओढलं.

"मी चार वेळा जाऊन आलो त्याच्यात," मास्टर म्हणाले. "ऐका. काही नाही, शिलाईचं दुकान हाय थे. पहिला आवाज येते बारीक, टक टक टक टक, थो समजा काज-बटनाचा. मंग घर्रर्र, थे पिको-फॉल. मंग लय मोठा येते, धाड धाड, मानूस घाबरून जाते, थे काही नाही, जीन्सची शिलाई. जाडा कपडा हाय म्हनून मशीन ओरडते. जीन्स झाली का संपलं. सुटला मानूस."

"मले जमत नाही मास्टर." साडूंचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"हमको भी नहीं जमता." मास्टरांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "चाला. मी येतो बाहेरपर्यंत. आवाज आला का दारातून सांगत जातो, आता कोनता कपडा चालू हाय थो."

आणि ते गेले. खांदा बांधलेले साडू पायी, शेजारी तिरपी चालणारी व्हीलचेअर, मागून मी दोघांच्या चपला घेऊन. टेक्निशियननं दार लावून घेतलं. दाराबाहेर मास्टर मान पुढं काढून ओरडत होते, "काज-बटन, सर! फक्त काज-बटन!" आत ऐकू जाणं शक्यच नव्हतं. टेक्निशियननं त्यांना दोनदा गप्प केलं आणि तिसऱ्यांदा नाद सोडला. "आता जीन्स! झाली, झाली, होऊन राहिली!" साडू बाहेर आले तेव्हा घामानं निथळत होते, पण पायांवर होते. थोड्या वेळानं डॉक्टर हसत सांगून गेले की डोक्यात काहीच निघालं नाही.

"थे तर मी बिगर मशीनीचं सांगतलं असतं," मास्टर म्हणाले.

हसणं ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे हात केला. "तो कागद आना." मी धावतच जाऊन ऑपरेशनचा कागद आणला. त्यांनी तो मांडीवर ठेवला, पेन उजव्या हातात नीट बसवलं, आणि उर्दूत, इतकी सावकाश, इतकी वळणदार सही केली की जणू त्या कागदावर कशिदा काढत होते. मी म्हणालो, "मास्टर, पण मी तर उठून बसलो होतो." "तुमी झोपले होते ना," ते म्हणाले. "भेव वाटत असून झोपले. बस झालं. उठायचं आपल्या हातात कुठी असते?"

ऑपरेशन सहा तास चाललं. साडू ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावरून एकदाही उठले नाहीत. गाठ बरीचशी निघाली. नजर राहिली, झटके थांबले, आणि जीभ तर शुद्धीवर येताच चालू झाली; पहिल्यांदा त्यांनी नर्सच्या गणवेशाची बाही चुकलेली आहे असं सांगितलं. उजवा हात मात्र डॉक्टरांनी म्हटलं तसाच, पांघरुणावर कोणी विसरून गेल्यासारखा पडून होता. व्यायामानं येईल म्हणाले. किती, ते म्हणाले नाहीत. काही गाठ आत राहिली आहे, दर काही महिन्यांनी तपासायचं, आणि बरा झाला हा शब्द तिथं अजून कोणी वापरत नाही.

खेळ नसेल त्या रविवारी साडू एसटीनं अंजनगावला जातात. मीही मधूनमधून जातो. परवा गेलो होतो. दुकानात दोघं समोरासमोर बसले होते, मधे ते मोठं कापायचं टेबल, त्यावर आता कापड नव्हतं, एक रबरी चेंडू, कणकेचा गोळा, दोरीचा तुकडा. पीटीच्या सरांनी मास्टरांकडून चेंडू दाबून घेतला, कणीक चिमटून घेतली, आणि मग म्हणाले, "आता शर्ट." मास्टरांच्या अंगातला शर्ट त्यांनीच कधीतरी शिवलेला होता. त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांत वरचं बटण धरलं आणि काजाकडे नेलं. बटण निसटलं. पुन्हा धरलं. निम्मं आत गेलं आणि परत बाहेर आलं. भाभी आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, पुढं येत नव्हत्या. मास्टरांच्या कपाळावर घाम आला. माझ्यानं पाहवेना. मी न राहवून हात पुढं केला, तर साडूंनी टेबलावरून माझं मनगट घट्ट धरलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चहा थंड झाला. समोरून एक लग्नाची गाडी हॉर्न वाजवत गेली. आणि केव्हातरी ते बटण काजात शिरलं.

मास्टरांनी त्याच्यावरून बोट फिरवून पाहिलं, नीट बसलंय ना म्हणून. मग मान खाली घालून उरलेली पाच बटणं पाहिली आणि हसले.

"बाकीचे पुढच्या रविवारी, सर."

"हाव," साडू म्हणाले. "कोनाले घाई हाय?"